‘दहा लाखांमागे पाचशे ते हजार’ : पायांच्या तीव्र धमनीविकाराविषयीच्या साथरोगशास्त्रीय आकड्यांची चिकित्सा

पायांच्या धमन्या अरुंद होत जाऊन रक्तपुरवठा इतका घटतो की विश्रांतीच्या वेळीही पाऊल ठणकते, बोटांवरच्या जखमा भरेनाशा होतात आणि अखेरीस बोटे काळी पडतात. या अवस्थेला वैद्यकीय वाङ्मयात १९८२ पासून ‘क्रिटिकल लिंब इस्किमिया’ असे नाव रूढ झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी ते बदलून ‘क्रॉनिक लिंब-थ्रेटनिंग इस्किमिया’, म्हणजे पाय गमावण्याची वेळ आणणारी दीर्घकालीन रक्तन्यूनता, असे नाव सुचविले. नाव बदलले, तरी या विषयावरील लेखनाच्या आरंभी येणारे एक वाक्य मात्र फारसे बदललेले नाही : युरोप व उत्तर अमेरिकेत दर दहा लाख लोकसंख्येमागे दरवर्षी या विकाराचे ५०० ते १००० नवे रुग्ण आढळतात. हे विधान २००७ च्या दुसऱ्या ट्रान्स-अटलांटिक आंतरसंस्था सहमतिपत्रात (‘टास्क-२’) आहे आणि तेथून ते असंख्य लेखांत, प्रबंधांत व पाठ्यपुस्तकांत उतरले आहे. हा आकडा कशावर उभा आहे आणि भारतासारख्या देशात तो आणला म्हणजे त्याचे काय होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडे. ‘एपिडेमिऑलॉजी’ला मराठीत ‘साथरोगशास्त्र’ म्हणण्याची रीत पडली आहे. पायांचा धमनीविकार साथीने पसरत नाही, आणि ‘साथ’ या शब्दामुळेच अशा विकारांच्या मोजणीकडे आपल्याकडे दुर्लक्ष झाले असावे की काय, अशी शंका येते. येथे हा शब्द रोगाच्या समाजातील वाटपाचा अभ्यास एवढ्याच अर्थाने घेतला आहे. एका वर्षात नव्याने होणाऱ्या रुग्णांच्या प्रमाणास ‘नवरुग्णदर’ आणि एखाद्या वेळी समाजात असलेल्या एकूण रुग्णांच्या प्रमाणास ‘व्याप्ती’ असे म्हटले आहे.

व्याख्येची सरकती रेषा

मोजणीपूर्वी काय मोजायचे हे ठरावे लागते, आणि या विषयातील पहिली अडचण तेथेच आहे. रने फॉन्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात चार अवस्था होत्या : लक्षणविरहित विकार, चालताना पोटरीत येणारा व थांबताच ओसरणारा पेटका, विश्रांतीतील वेदना आणि व्रण अथवा कोथ. या वर्गीकरणाला कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती. डॉक्टराने विचारावे, पाय पाहावा आणि अवस्था लिहावी. १९८२ मध्ये शल्यचिकित्सकांच्या एका गटाने त्याला मापनाची जोड दिली. विश्रांतीत वेदना असेल तर घोट्यापाशी रक्तदाब पाऱ्याच्या ४० मि.मी. पेक्षा कमी आणि ऊतिनाश झाला असेल तर ६० मि.मी. पेक्षा कमी असावा, असे ठरले. त्याच व्याख्येत आणखी एक अट होती, जिचा उल्लेख पुढील लेखनात क्वचितच येतो. मधुमेही रुग्णांना या व्याख्येबाहेर ठेवावे, असे त्या गटाचे म्हणणे होते.

हे म्हणणे सकारण होते. मधुमेहात धमनीच्या मधल्या थरात चुना साठतो, ती टणक होते आणि दाबपट्टीने दबत नाही. परिणामी आत रक्त जेमतेम वाहत असले, तरी घोट्याचा दाब सामान्य किंवा वाजवीपेक्षा अधिक दिसतो. शिवाय मधुमेही पावलाच्या व्रणात मज्जातंतूंची बधिरता, जंतुसंसर्ग आणि रक्तन्यूनता यांची सरमिसळ असते. शुद्ध रक्तन्यूनतेची व्याख्या करू पाहणाऱ्यांना ही सरमिसळ नको होती. १९९१ च्या दुसऱ्या युरोपीय सहमतिपत्रात मधुमेही आत आले. दोन आठवड्यांहून अधिक काळ वेदनाशामके घ्यावी लागणारी वेदना अथवा व्रण वा कोथ, आणि त्याबरोबर घोट्याचा दाब ५० किंवा अंगठ्याचा दाब ३० मि.मी. पर्यंत, अशी नवी रेषा आखली गेली. ‘टास्क-२’ने व्रणांसाठी ती रेषा घोट्यापाशी ७० व अंगठ्यापाशी ५० पर्यंत वर नेली.

६० वरून ५० वर आणि ५० वरून ७० वर रेषा सरकली, तेव्हा कोणाचेही पाऊल बिघडले वा सुधारले नव्हते. रुग्णांची संख्या मात्र प्रत्येक वेळी बदलली. म्हणूनच १९९० च्या दशकातील एखादा नवरुग्णदर आणि २०१० नंतरचा एखादा नवरुग्णदर शेजारी मांडून विकार वाढला की घटला, याचा निवाडा देणे धोक्याचे आहे. २०१४ मध्ये जखम, रक्तन्यूनता आणि पावलाचा जंतुसंसर्ग या तिन्ही अंगांना प्रत्येकी ० ते ३ असे गुण देणारी पद्धती अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संस्थेने पुढे आणली. तिच्यात एकच उंबरठा नाही. उपचाराच्या दृष्टीने हे अधिक प्रामाणिक आहे. परंतु ज्याला डोकी मोजायची आहेत, त्याच्यासाठी प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला, हेही नमूद करावयास हवे.

तीन वाटा, एक आकडा

‘टास्क-२’मध्ये स्वच्छ कबुली आहे की तीव्र रक्तन्यूनतेच्या नवरुग्णदराविषयी थेट माहिती फार थोडी आहे. आकडा अप्रत्यक्ष वाटांनी काढला आहे : चालताना पेटका येणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या अवस्थेत जातात, समाजातील पाहण्यांत व्याप्ती किती आढळते आणि पाय कापण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया किती होतात. या वेगवेगळ्या वाटांनी येणारी उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहेत, असे तेथे म्हटले आहे, आणि या सारखेपणामुळेच आकड्याला विश्वासार्हता लाभली. पण हाताशी असलेले सुप्रसिद्ध आकडे घेऊन या वाटा पुन्हा चालून पाहिल्या, तर सारखेपणा टिकत नाही.

पहिली वाट घ्यावी. एडिंबरा धमनी अभ्यासात १९८८ मध्ये ५५ ते ७४ वयाच्या १५९२ स्त्रीपुरुषांची तपासणी झाली व त्यांपैकी ४.५ टक्क्यांना चालताना पेटका येत असल्याचे आढळले. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा रुग्णांपैकी पाच वर्षांत १ ते २ टक्के जण तीव्र अवस्थेत जातात. या वयोगटातील दहा लाख लोक घेतले, तर पेटका येणारे ४५,००० होतात. त्यांतून पाच वर्षांत ४५० ते ९००, म्हणजे वर्षाला ९० ते १८० जण पुढे सरकतात. ज्यांना हा विकार अधिक होतो अशाच वयाचे लोक निवडूनही उत्तर ५०० च्या जवळपास पोहोचत नाही.

दुसरी वाट शस्त्रक्रियांची. त्याच सहमतिपत्रात मोठ्या अवयवविच्छेदाचे प्रमाण दर दहा लाखांमागे वर्षाला १२० ते ५०० असे दिले आहे, आणि तीव्र रक्तन्यूनतेच्या रुग्णांपैकी एका वर्षात ३० टक्क्यांचा पाय जातो, २५ टक्के मृत्यू पावतात व ४५ टक्के दोन्ही पायांनिशी हयात असतात, असेही म्हटले आहे. सर्व विच्छेद रक्तन्यूनतेमुळेच होतात असे धरून ३० टक्क्यांच्या आधारे मागे मोजत गेल्यास नवरुग्णदर ४०० ते सुमारे १,६७० निघतो. पहिल्या वाटेवर दोनशेच्या आत आणि दुसऱ्या वाटेवर चारशेपासून सोळाशेच्या पुढे! या दोहोंना ‘सारखे’ म्हणायचे असेल, तर त्यासाठी मधली गृहीतके सोयीने निवडावी लागतील.

ही तफावत निव्वळ हिशेबाची चूक नाही; तिच्यात विकाराविषयीची एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. फॉन्टेनच्या पायऱ्या पाहून असे वाटते की रुग्ण दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या व चौथ्या पायरीवर चढतो. प्रत्यक्षात रक्तन्यूनतेमुळे गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सहा महिन्यांपूर्वीपर्यंत पायांचे कोणतेही लक्षण नव्हते, असे ‘टास्क-२’मध्येच नोंदले आहे. पेटका यायला माणूस पुरेसा चालावा लागतो. हृदयविकाराने, संधिवाताने वा वार्धक्याने जो घराबाहेर पडत नाही, त्याला पेटका येणार कोठून? मधुमेहाने ज्याचे पाय बधिर झाले आहेत, त्याला तो येऊनही जाणवणार नाही. असे रुग्ण पायऱ्या न चढता थेट शेवटच्या मजल्यावर दिसतात. पेटका येणाऱ्यांच्या पाठपुराव्यातून तीव्र विकार मोजण्याची वाट म्हणूनच मुळात अपुरी आहे.

तिसरी वाट समाजातील पाहण्यांची. तिची मर्यादा साध्या गणितात दिसते. एखाद्या वेळी हजारात एक माणूस तीव्र अवस्थेत असेल असे धरले, तर एडिंबराच्या १५९२ जणांत असे एक-दोनच सापडतील. शिवाय ज्याचे पाऊल सडते आहे तो पाहणीच्या दिवशी केंद्रावर चालत येत नाही. तो रुग्णालयात असतो, अंथरुणाला खिळलेला असतो किंवा वारलेला असतो. पाहणीमुळे धमनीविकाराची व्याप्ती कळते. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला, २०१० साली जगात २० कोटी २० लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज अशाच पाहण्यांवर आधारलेला आहे. पण त्यांतील बहुसंख्य लोकांना लक्षणेच नसतात. या महासंख्येला एखाद्या ठरावीक टक्क्याने गुणून तीव्र रुग्णांची संख्या काढण्याचा मोह टाळलेला बरा.

विमा-दाव्यांतून मोजणी

अमेरिकेत चौथी वाट उपलब्ध झाली. विमाधारकांच्या २००३ ते २००८ या काळातील दाव्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस व त्यापुढील वयाच्या व्यक्तींत तीव्र रक्तन्यूनतेचा सरासरी वार्षिक नवरुग्णदर ०.३५ टक्के व व्याप्ती १.३३ टक्के असल्याचे त्यात आढळले. ०.३५ टक्के म्हणजे दहा लाखांमागे ३,५००. चाळिशीपुढील लोक लोकसंख्येच्या निम्म्याच्या आसपास धरले व चाळिशीआत एकही रुग्ण नाही असे मानले, तरी एकूण लोकसंख्येत हा दर १,७०० च्या घरात जातो. ‘टास्क’च्या वरच्या मर्यादेहूनही तो बराच अधिक आहे.

या अभ्यासाचे मोल मोठे आहे, कारण येथे लाखो लोकांच्या प्रत्यक्ष नोंदी वापरल्या गेल्या. तथापि त्याच्या दोन आकड्यांचे एकमेकांशी नाते तपासले पाहिजे. स्थूलमानाने व्याप्ती म्हणजे नवरुग्णदर गुणिले विकाराचा सरासरी काळ. १.३३ ला ०.३५ ने भागल्यास हा काळ पावणेचार वर्षांहून अधिक येतो. वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांचा मृत्यू होतो किंवा पाय जातो, हे ‘टास्क-२’चे वर्णन आणि पावणेचार वर्षांचे सरासरी आजारपण, ही दोन्ही विधाने एकाच विकाराविषयी खरी असणे कठीण. एक शक्यता अशी, की दाव्यात एकदा चिकटलेला रोगसंकेतांक जखम भरल्यावरही निघत नाही. दुसरी अशी, की संकेतांकाने मोजलेल्यांत सौम्य जखमांचे पुष्कळ रुग्ण आहेत, कारण दाव्याच्या कागदावर घोट्याचा वा अंगठ्याचा दाब लिहिलेला नसतो. उपचार न मिळालेल्या रुग्णांच्या २०१५ मधील एकत्रित विश्लेषणात वर्षभरातील मृत्यू व मोठे विच्छेद प्रत्येकी सुमारे २२ टक्केच आढळले, हेही येथे लक्षात घ्यावे. २५ आणि ३० हे आकडे सर्वकाळ सर्वांना लागू पडणारे नाहीत.

भारतात आल्यावर

आता हाच आकडा महाराष्ट्रात आणून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. दहा लाखांमागे ५०० ते १००० या हिशेबाने दरवर्षी ५६ हजार ते १ लाख १२ हजार नवे रुग्ण होतात. असा गुणाकार करून लिहिलेले परिच्छेद शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत आढळतात व ते भारदस्त दिसतात. परंतु महाराष्ट्रात साठीपुढील लोक त्या वेळी दहा टक्क्यांच्या आतच होते; पश्चिम युरोपातील वयोरचना कितीतरी अधिक वृद्ध आहे. तेवढ्यापुरता अंदाज फुगलेला ठरतो. उलट भारतात मधुमेह तुलनेने लहान वयात होतो, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. तेवढ्यापुरता अंदाज तोकडा ठरतो. या दोन चुका परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत. म्हणून त्या एकमेकींना नेमक्या फेडतील, असे मानण्यास आधार नाही.

भारतातील प्रत्यक्ष पाहण्यांत चेन्नईच्या शहरी अभ्यासाचा उल्लेख अटळ आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६३१ व्यक्तींची तपासणी होऊन परिघीय धमनीविकाराची व्याप्ती ३.२ टक्के, तर मधुमेहींत ६.३ टक्के आढळली. पाश्चात्त्य मधुमेहींच्या तुलनेत हे प्रमाण कमी आहे, आणि त्यावरून ‘भारतीयांच्या पायांच्या धमन्या तुलनेने सुरक्षित’ असा निष्कर्ष पुढे काढला जातो. अभ्यासकांनी निवडलेले साधन घोटा व दंड यांच्या दाबांचे गुणोत्तर हे होते. टणक धमन्यांत हेच साधन फसते, आणि गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांतील विकार त्यातून निसटण्याचा संभव असतो. ६३१ जणांच्या नमुन्यात तीव्र अवस्थेतील एखादा रुग्णही सापडेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. तेव्हा चेन्नईचा अभ्यास ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो प्रश्न वेगळा आहे. दोष अभ्यासाचा नसून त्याच्याकडून नको ते वदवून घेणाऱ्यांचा आहे.

दुसरा वारंवार उद्‌धृत होणारा आकडा बर्गरच्या रोगाविषयीचा आहे. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथे वर्णन केलेला हा विकार धूम्रपान करणाऱ्या तरुण पुरुषांच्या हातापायांच्या लहान व मध्यम धमन्यांत दाह उत्पन्न करून त्या बंद पाडतो. परिघीय धमनीविकाराच्या रुग्णांत त्याचे प्रमाण पश्चिम युरोपात ०.५ ते ५.६ टक्के, तर भारतात ४५ ते ६३ टक्के असल्याचे अनेक आढाव्यांत लिहिलेले असते. विडी ओढणाऱ्या गरीब, तरुण कष्टकऱ्यांत हा रोग आपल्याकडे अधिक दिसतो, याविषयी वाद नाही. पण ४५ ते ६३ टक्के हे समाजातील प्रमाण नव्हे. रुग्णालयात आलेल्यांतील ते गुणोत्तर आहे, आणि गुणोत्तर अंश वाढल्याने वाढते तसेच छेद घटल्यानेही वाढते. पाय काळा पडलेला तिशीतला कमावता पुरुष घरचे लोक कर्ज काढूनही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आणतात. सत्तरीतल्या म्हातारीच्या काळ्या पडलेल्या बोटांसाठी तेवढी धावपळ होतेच असे नाही. मधुमेही रुग्ण ‘साखरेची जखम’ म्हणून सामान्य शल्यविभागात जातो. रक्तवाहिनी तज्ज्ञाच्या यादीत तो येत नाही. अशा रीतीने छेदातून वृद्ध, स्त्रिया आणि मधुमेही गळाले, की बर्गरच्या रोगाचा वाटा आपोआप मोठा दिसू लागतो. शिवाय पन्नाशीपूर्वी आरंभ, धूम्रपानाखेरीज अन्य जोखमींचा अभाव इत्यादी शिओनोया यांचे निकष १९९८ मध्ये मांडले गेले; त्यापूर्वीच्या निदानांत एकवाक्यता नव्हती.

तंबाखूचे चित्रही एकसारखे नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत भारतातील ७.७ टक्के प्रौढ विडी ओढणारे व ४ टक्के सिगारेट ओढणारे आढळले. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर मळून खाल्ली जाणारी तंबाखू, मिश्री इत्यादी धूरविरहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के होते. धूम्रपानाच्या आधारे रचलेली पाश्चात्त्य जोखीम-सूत्रे या समाजाला जशीच्या तशी लावणे म्हणजे मुख्य सवय सोडून किरकोळ सवयीवर हिशेब बांधणे होय.

जे नोंदले जात नाही

भारतीय आकड्यांची खरी उणीव पाहण्यांपेक्षा नोंदींत आहे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार एकच काळे पडलेले पाऊल निदान करणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणे मधुमेहातील रक्ताभिसरणाची गुंतागुंत (ई ११.५), अवयवांच्या धमन्यांचे काठिण्य (आय ७०.२), बर्गरचा रोग (आय ७३.१) किंवा नुसताच कोथ (आर ०२) यांपैकी कोणत्याही खणात पडू शकते. मृत्यूच्या बाबतीत परिस्थिती आणखी बिकट आहे. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांच्याच कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्राचा आधार होता. त्यांतही पायाच्या रुग्णाचा मृत्यू हृदयविकार किंवा जंतुदोष या नावाने लिहिला जाण्याचा संभव मोठा; पाय कागदावर उरत नाही. २०११ च्या जनगणनेने चलनविषयक अपंगत्व असलेल्या सुमारे ५४ लाख व्यक्ती मोजल्या, पण पाय अपघाताने गेला, पोलिओने लुळा पडला की रक्तपुरवठा तुटल्याने कापावा लागला, हे त्यातून कळत नाही.

राहिला अवयवविच्छेदाचा दर. पाश्चात्त्य लेखनात तो विकाराच्या तीव्रतेचे मापक म्हणून वापरला जातो. पण तो जितका रोगाविषयी सांगतो तितकाच सेवेविषयी सांगतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांचे पाय श्वेतवर्णीयांच्या तुलनेत अधिक प्रमाणात कापले जातात, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. तेथे अधिक विच्छेदांचा एक अर्थ रक्तवाहिनी उघडण्याची संधी कमी, असा निघतो. आपल्याकडे कमी विच्छेदांचा अर्थ तरी सुखद असेलच असे नाही. शस्त्रक्रियेला नकार, पैशाअभावी परत नेलेला रुग्ण, घरीच कोरडे पडून गळून गेलेले बोट, ही सर्व उदाहरणे दर खाली आणतात. पाय शाबूत असताना जंतुदोषाने दगावलेला रुग्ण केवळ विच्छेद मोजणाऱ्या तक्त्यात ‘पाय वाचला’ या रकान्यात बसतो. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘बासिल’ चाचणीने ‘विच्छेदाविना जीवित’ हे संयुक्त मापक वापरले, ते याच कारणासाठी. भारतीय शोधनिबंधांत ते हळूहळू येत आहे, मात्र त्यासाठी रुग्णाचा वर्षभर पाठपुरावा करावा लागतो, आणि दूरच्या तालुक्यातून आलेला रुग्ण टाके काढल्यावर सहसा परत दिसत नाही.

राज्यातील आरोग्य विमा योजनेच्या दाव्यांतून अमेरिकेसारखा अभ्यास करावा, अशी सूचना होऊ शकते. तसे झाल्यास ते स्वागतार्हच ठरेल. फक्त दाव्यात मंजूर होणारी प्रक्रिया मोजली जाते, विकार नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागेल. त्याहून स्वस्त साधन आधीच अस्तित्वात आहे. शस्त्रक्रियागृहातील नोंदवहीत विच्छेदाची तारीख, रुग्णाचे वय व लिंग आणि शस्त्रक्रियेचे नाव लिहिले जाते. तिच्यात चार रकान्यांची भर हवी : विच्छेद घोट्याच्या वर की खाली, मधुमेह आहे की नाही, अंगठ्यातील दाब, आणि जखम झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत गेलेले दिवस. एका जिल्ह्यातील सर्व सरकारी व खाजगी रुग्णालयांनी हे चार रकाने दोन वर्षे भरले, तरी त्या जिल्ह्याचा नवरुग्णदर ठरणार नाही. पण दहा लाखांमागे किती पाय जातात आणि त्यांतले किती उशिरा पोहोचल्याने जातात, हे परक्या आकड्याचा आधार न घेता सांगता येईल.